वाऱ्याच्या पायातला मोजा

टेकडीवरचा विंडसॉक बकरीने खाल्ला, यात बकरीची काही चूक नव्हती. टेकडी सार्वजनिक जमिनीवर होती आणि चरण्याचा परवाना बकरीच्या मालकाकडे रीतसर होता. उडण्याचा परवाना उड्डाण मंडळाकडे होता. तोही रीतसर, पण तो संपत आला होता. म्हणजे कायद्याने पाहिलं तर टेकडीवर बकरीचा हक्क मंडळापेक्षा पक्का होता, आणि बकरीच्या चेहऱ्यावरून तिला हे कुणीतरी सांगितलेलं असावं.

चूक असलीच तर चष्मेवाल्याची होती. त्याने विंडसॉक धुऊन गवतावर वाळत घातला होता.

विंडसॉक म्हणजे खांबाच्या टोकाला बांधलेली कापडाची लांब, निमुळती नळी. दोन्ही तोंडं उघडी. एका तोंडातून वारा शिरतो, दुसऱ्यातून निघून जातो, आणि नळी कुठे फडफडते त्यावरून उडणाऱ्याला कळतं की वारा कुठून कुठे चाललाय. पॅराग्लायडिंग करणारा माणूस वाऱ्याकडे तोंड करूनच धावत सुटतो आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. वाऱ्याला पाठ दाखवली तर वारा ते मनावर घेतो.

चष्मेवाल्याचं गावात चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून मंडळात त्याला सगळे चष्मेवाला म्हणायचे. तो मंडळाचा देखभाल प्रमुखही होता. हे पद त्याला एका बैठकीला गैरहजर राहिल्यामुळे मिळालं होतं. टेकडीवरचं गवत कापायचं, पायवाटेवरचे दगड बाजूला करायचे, ‘सावधान, वरून माणसं येतात’ या पाटीवरून ‘वरून’ कुणी पुसलं की ते परत रंगवायचं, ही त्याची कामं. त्याच्याआधी हे पद ज्याच्याकडे होतं त्याने हल्ली पोहण्याचा छंद लावून घेतला होता.

येत्या रविवारी सार्वजनिक जमीन खात्याच्या निरीक्षक मॅडम टेकडीची पाहणी करायला येणार होत्या. पाहणीत पास झाले तर परवाना पुढे चालू, नाहीतर टेकडी हास्य मंडळाला. हास्य मंडळाला रोज सकाळी टेकडीवर उभं राहून मोठमोठ्याने हसायचं होतं, आणि त्यांनी त्यासाठी अत्यंत गंभीर अर्ज केला होता. खात्याच्या अटींमध्ये स्पष्ट म्हटलं होतं की उड्डाणस्थळी विंडसॉक लावलेला असावा व तो चालू स्थितीत असावा. मंडळाचा विंडसॉक त्या वेळी बकरीच्या पोटात होता आणि त्याच्या स्थितीबद्दल खात्रीने काही सांगता येत नव्हतं.

नवा मागवला होता. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात नक्की. तो हे वाक्य दर आठवड्याला तितक्याच उत्साहाने म्हणायचा.

चष्मेवाल्याच्या दृष्टीने गोष्ट साधी होती. आसपास वाऱ्याकडे तोंड करून उभी असलेली ही एकच टेकडी. बाकीच्या सगळ्या रुसल्यासारख्या पाठ फिरवून बसलेल्या. ही गेली की त्याचं पॅराग्लायडर माळ्यावर जाणार, सुटकेसच्या मागे, आणि तो आयुष्यभर लोकांना ‘आता वरची ओळ वाचा’ एवढंच सांगत राहणार. दिवसभर छोट्या खोलीत बसून दुसऱ्यांना लांबचं दाखवणाऱ्या माणसाला स्वतःलाही कधीतरी लांबचं बघावंसं वाटतं.

हे सगळं तो जेवताना बायकोला सांगत होता आणि सासूबाई ऐकत होत्या.

सासूबाई निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे राहत होत्या. त्याआधी त्या मोज्यांच्या कारखान्यात टाच विभागाच्या प्रमुख होत्या. पंजा विभाग वेगळा, पोटरी विभाग वेगळा. टाच हा मोज्याचा प्राण, बाकी सगळं नळकांडं, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या टाचांवर अर्धं गाव चालत होतं. जावयाबद्दल त्यांची तक्रार काही नव्हती. फक्त त्याच्या मंडळाला त्या उडाणटप्पू मंडळ म्हणायच्या आणि तो हवेत असला की घरी बसून दाराकडे बघत राहायच्या.

“नक्की काय हवंय तुम्हाला?” सासूबाईंनी विचारलं.

“विंडसॉक, आई.”

“आपल्या भाषेत सांगा, जावईबापू. माणूस परकी भाषा बोलायला लागला की समजावं, त्याला स्वतःलाच नीट माहीत नाही.”

चष्मेवाल्याने क्षणभर विचार केला. त्या क्षणात त्याने थोडा अधिक विचार केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“वाऱ्याचा मोजा,” तो म्हणाला.

सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. “कशाने मोजू?”

“मोजायचं नाही, आई. मोजा. पायातला असतो ना, तसा. पण मोठा. खांबावर लावायचा.”

“वाऱ्याला मोजा.”

“हो.”

“केवढा मोठा?”

“दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा.”

सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मान डोलावली. ती हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायची, आणि नवऱ्याच्या मंडळातले बरेच लोक तिच्याकडे आधीच येऊन गेले होते, त्यामुळे तिला कशाचंच नवल वाटत नसे.

“रविवारच्या आत?” सासूबाई म्हणाल्या. “होईल की.”

आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे निवृत्तीच्या निरोप समारंभानंतर कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. चष्मेवाला एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होता. फोन त्याने खांदा आणि कान यांच्यात धरला.

“जावईबापू, लोकर की नायलॉन?”

“नायलॉन, आई. पाऊस लागेल. आता कसं दिसतंय?”

“अजून सुरूच केला नाही, दिसणार कसं?”

“तुम्हाला नाही, आई.”

“मला धूसर दिसतंय,” गिऱ्हाईक म्हणालं.

“रंग कोणता?”

“नारिंगी आणि पांढरे पट्टे. लांबून ओळखू यावा. आणि आता?”

“आता दोन दोन दिसतात,” गिऱ्हाईक म्हणालं.

“बरं, आणि टाच कशी करू?” सासूबाईंनी विचारलं. “साधी की दुहेरी? मी म्हणते, एवढा मोठा मोजा, तर दुहेरीच हवी. गोल करू की जरा टोकदार?”

“दोन दोन?” चष्मेवाला गिऱ्हाइकाला म्हणाला. “दोन कसे दिसतील? बरं, थांबा. हो आई, तुम्हाला योग्य वाटेल तशी करा. त्यातलं तुम्हालाच जास्त कळतं.”

हे वाक्य सासूबाईंना आजवर कारखान्यातसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी फोन अलगद ठेवला.

आठवडाभर घरात जाड सुयांचा खडखडाट चालू होता. सासूबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. चष्मेवाल्याला आतून कधी नारिंगी धाग्याचं टोक दिसे, कधी पांढऱ्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मोजा बाहेर आणला. तो जेवणाच्या टेबलावरून सुरू झाला, खुर्चीवरून गेला, आणि सोफ्यापाशी पोचल्यावर काटकोनात वळून टीव्हीच्या दिशेने गेला.

जिथे तो वळला होता तिथे टाच होती.

दुहेरी विणीची, गोल, भरदार, ताठ. पुढे पंजा, आणि पंजाच्या टोकाला बोटांसाठी नीट शिवून बंद केलेला भाग. जगातल्या कुठल्याही राक्षसाने आनंदाने घातला असता. वारा मात्र त्यातून बाहेर पडू शकत नव्हता.

 

“टाच कशी झालीय?” सासूबाईंनी विचारलं.

“टाच…” चष्मेवाला म्हणाला. “टाच उठून दिसते, आई.”

“मी आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी टाच आहे ती,” सासूबाई म्हणाल्या, आणि चष्म्याची काच पदराने पुसण्यासाठी तोंड वळवलं. काच स्वच्छ होती. ती त्यानेच सकाळी पुसून दिली होती.

सासूबाई झोपायला गेल्यावर बायको म्हणाली, “सांग तिला.”

“तू सांग. तुझी आई आहे.”

“तुझा मोजा आहे.”

“काय सांगू? की आई, तुमची टाच कापा?”

“मी दवाखान्यात लोकांना याहून वाईट सांगते.”

“ते लोक तुझ्याबरोबर नाश्ता करत नाहीत.”

चष्मेवाल्याने मोज्याची गुंडाळी केली. ती गाडीच्या डिकीत पॅराग्लायडरशेजारी मावली नाही, म्हणून पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला.

शनिवारी मंडळ टेकडीवर जमलं. देखभालीचा दिवस होता. अध्यक्ष आले. ते निवृत्त बसचालक होते आणि उडण्याआधी सवयीने खांद्यावरून मागे बघून ‘चला, पुढे सरका’ म्हणायचे. पाववाला आला. त्याची भट्टी पहाटेच विझायची, त्यामुळे सकाळी तो मोकळा असायचा आणि त्याच्या अंगाला कायम भाजलेल्या पिठाचा वास यायचा. बकरी पाववाल्यावर लक्ष ठेवून असायची. आणखी पाच-सात जण आले. त्यांतल्या एकाकडे दांड्यांचा पक्का पंख असलेलं हँगग्लायडर होतं, त्यामुळे तो स्वतःला थोडा वरच्या जातीतला समजायचा, पण गवत तोही कापत होता.

गवत घोट्याइतकं कापलं. कापलेल्या गवताचा एका बाजूला मोठा ढीग घातला. धावायच्या उतारावरचे खड्डे बुजवले. पाटीवरचं ‘वरून’ पुन्हा रंगवलं. न उडणाऱ्यांसाठी असलेली पायवाट दोरी लावून वेगळी केली. मग चष्मेवाल्याने मोजा आणला आणि कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता खांबावर चढवला.

वारा त्यात शिरला. आधी पोटरी फुगली, मग टाच, मग पंजा. बाहेर जायला वाट नसल्यामुळे मोजा टम्म झाला. खांबावरून एक प्रचंड, पट्ट्यापट्ट्यांचा पाय आडवा तरंगू लागला आणि दर झुळकीला आकाशाला हलकेच लाथ घालू लागला. खालच्या रस्त्यावर एक गाडी थांबली. मग दुसरी थांबली.

“हा कुणाचा?” पाववाल्याने विचारलं.

“सासूबाईंनी विणलाय.”

“नाही, म्हणजे पाय कुणाचा?”

अध्यक्ष दोन्ही हात कमरेवर ठेवून बराच वेळ बघत राहिले. “पोटरी म्हणते वारा समोरून येतोय,” ते म्हणाले. “पंजा म्हणतो उजवीकडून. म्हणजे गाडी सरळ चाललीय आणि वळायचा दिवा चालू राहिलाय.”

“पोटरी बघायची,” चष्मेवाला म्हणाला. “पंजाकडे दुर्लक्ष करायचं.”

“नवा माणूस दुर्लक्ष करेल?”

“अध्यक्ष, फक्त उद्याचा दिवस. सोमवारी दुकानातला आला की…”

“दुकानातला सोमवारी येणार?”

“पुढच्या आठवड्यात नक्की.”

“कात्री आण,” अध्यक्ष म्हणाले.

“मी कापणार नाही. मला संध्याकाळी घरी जायचंय.”

अध्यक्षांचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे हा मुद्दा त्यांना लगेच पटला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण उद्या मॅडमनी विचारलं तर तू बोलायचं. मी सरळ समोर बघणार आहे.”

रविवारी ऊन स्वच्छ होतं आणि वारा दरीतून सरळ वर येत होता, उडायला उत्तम. निरीक्षक मॅडम बरोबर वेळेवर आल्या. उंच, शांत, पायांत मजबूत बूट. त्यांनी गवतात पाऊल ठेवलं, स्वतःचा घोटा पाहिला आणि मान हलवली. पायवाटेची दोरी ओढून पाहिली. पाटी वाचली, मग वर आकाशाकडे पाहिलं, मग पुन्हा पाटी वाचली.

एवढ्यात पायवाटेवरून बायको आली, आणि तिच्या मागे, पदर खोचून, मोठी पिशवी सावरत सासूबाई.

“तू आईला आणलंस?” चष्मेवाला हळूच म्हणाला.

“तिनेच मला आणलं. म्हणाली, माझा मोजा वाऱ्यात कसा दिसतो ते बघायचंय.”

सासूबाई खांबाखाली उभ्या राहिल्या. मोजा डौलात लाथ घालत होता. त्यांनी मान वर करून बघितलं आणि बघतच राहिल्या. त्यांच्या विभागातल्या टाचा जन्मभर बुटांच्या आत गेल्या होत्या. एकही टाच इतक्या उंचावर, इतक्या लोकांसमोर, उन्हात उभी राहिली नव्हती.

“हे काय आहे?” निरीक्षक मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. अध्यक्ष सरळ समोर बघू लागले.

“विंडसॉक,” चष्मेवाला म्हणाला.

“याला पाऊल आहे.”

“हो.”

“चालू स्थितीत आहे का?”

पाऊल असलेल्या वस्तूबद्दल हा प्रश्न ऐकून हँगग्लायडरवाल्याला खोकला आला. चष्मेवाल्याच्या जिभेवर ‘हो’ तयार होतं. एक छोटा ‘हो’, आणि टेकडी वाचणार होती, टाच वाचणार होती, सोमवारचा नाश्ता वाचणार होता.

नेमका त्याच वेळी पाववाला मॅडमना उड्डाण दाखवण्यासाठी तयार झाला होता. शनिवारी त्याने सगळं ऐकलं होतं, पण घाईत त्याने मान वर केली, त्याला फक्त पंजा दिसला, आणि त्याने पंजा सांगेल तसं आपलं पॅराग्लायडर उजव्या बाजूला तोंड करून पसरलं. झुळूक आली. कापड एका कुशीवर उठलं आणि पाववाल्याला घेऊन निघालं. उडालं मात्र नाही, नुसतं निघालं. पाववाला ‘अरे, अरे, अरे’ करत बसल्या जागी उतारावरून आडवा घसरत गेला आणि कापलेल्या गवताच्या ढिगात शिरला. ढिगातून एक हात वर आला आणि ‘ठीक आहे’ अशी खूण करून परत आत गेला. बकरी चौकशीला निघाली.

कुणाला काही झालं नव्हतं. पण ढीग घातला होता म्हणून झालं नव्हतं. ढिगाच्या जागी उतार असता आणि पाववाल्याच्या जागी कालच शिकायला आलेला एखादा असता, तर? चष्मेवाल्याने तयार ‘हो’ गिळून टाकला.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “चालू स्थितीत नाही.”

मग तो सासूबाईंकडे वळला. “आई, ती टाच चुकीची आहे.”

सासूबाईंच्या भुवया वर गेल्या.

“म्हणजे टाच उत्तम आहे. इतकी चांगली टाच मी पाहिली नाही. पण टाच असणंच चुकीचं आहे. वाऱ्याला पाय नसतो. त्याला सरळ नळी लागते, दोन्हीकडून उघडी. मी मोजा म्हणालो, कारण… कारण तुम्ही आपल्या भाषेत सांगा म्हणालात. आणि फोनवर मी तुमचं ऐकतच नव्हतो. मी एका माणसाला दोन दोन का दिसतंय ते बघत होतो.”

हास्य मंडळाला त्या वेळी टेकडी दिली असती तरी कुणी हसलं नसतं.

“म्हणजे नळकांडं,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग नळकांडं म्हणायचं ना, जावईबापू! नळकांडं मी दोन दिवसांत दिलं असतं! टाचेलाच चार दिवस गेले. दुहेरी करताना बोटं सोलली माझी. आणि शुक्रवारी तोंडाला काय झालं होतं? ‘उठून दिसते’ म्हणे!”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…”

“आणि ते गृहस्थ गवतात गेले, ते मला बरं वाटावं म्हणून?”

गवतातून आवाज आला, “मी मजेत आहे, काकू.”

“तुम्ही गप्प बसा, तोंडात काडी जाईल. खाली घ्या तो मोजा.”

मोजा खाली आला. अध्यक्षांनी तत्परतेने आपल्या पट्ट्यातला वाकडा सुरा काढून पुढे केला. उडताना दोऱ्या अडकल्या तर कापायला तो असतो. सासूबाईंनी त्याकडे असं पाहिलं की अध्यक्षांनी तो परत ठेवला आणि ‘पुढे सरका’ असं कुणाला तरी म्हणाले. सासूबाईंनी पिशवीतून आपली कात्री काढली. मोजा मांडीवर घेऊन त्या गवतात बसल्या, टाचेवरून एकदा हात फिरवला, आणि घोट्याच्या वर, एकाच ओळीत, न थांबता कापत गेल्या. मग सुई-दोरा काढून सुटलेला प्रत्येक टाका पकडला. निरीक्षक मॅडम वाकून बघत होत्या.

“उसवणार नाही?” त्यांनी विचारलं.

“मी शिवलेलं?” सासूबाई म्हणाल्या.

मॅडम सरळ उभ्या राहिल्या.

नळकांडं खांबावर चढलं. वारा एकीकडून शिरला, दुसरीकडून निघाला, आणि नारिंगी-पांढरी नळी दरीकडे पाठ करून सरळ ताठ झाली. पाववाल्याने ढिगातून मान काढून पाहिली आणि ‘अच्छा, असं होय’ म्हणाला.

“हे ठीक,” निरीक्षक मॅडम म्हणाल्या. “आता उतरायच्या जागेवरचा दाखवा.”

“काय?” अध्यक्ष म्हणाले.

“विंडसॉक. नव्या अटींमध्ये दोन आहेत. उडायच्या जागी एक, उतरायच्या जागी एक. तुम्हाला कळवलं होतं.”

मंडळाने एकमेकांकडे पाहिलं. कळवलं नक्कीच असणार. मंडळात पत्रं उघडण्याचं पद अजून कुणालाच मिळालं नव्हतं, कारण त्या बैठकीला सगळे हजर होते. चष्मेवाल्याने डोळे मिटले. त्याला मिटलेल्या डोळ्यांसमोर माळा दिसला, सुटकेस दिसली, तिच्या मागची रिकामी जागाही दिसली.

“दुसरा कुठला आणणार आता?” तो पुटपुटला.

“दुसरा?” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात निखळ आश्चर्य होतं. “दुसरा म्हणजे? मोजे एक एक विणतात का कुठे?”

त्यांनी पिशवी उलटी केली. नारिंगी-पांढरे पट्टे गवतावर घरंगळत गेले, काटकोनात वळले आणि थांबले.

“डावा,” सासूबाई म्हणाल्या. “वर लावलेला उजवा होता.”

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं.

“मला सांगू नको म्हणाली होती,” बायको म्हणाली. “पहिला कसा दिसतो ते बघून मग देणार होती.”

डाव्याचीही टाच गेली. या वेळी सासूबाईंनी हात वगैरे फिरवला नाही. कच, कच, कच. त्यांचा हात बसला होता. अध्यक्ष नळकांडं खांद्यावर टाकून उतरायच्या मैदानाकडे धावले, आणि निवृत्त बसचालक इतक्या वेगाने धावताना मंडळाने प्रथमच पाहिला. कापलेले दोन पंजे गवतात पडले होते. मॅडमनी त्यांतला एक उचलून टाच दाबून पाहिली.

“मजबूत आहे,” त्या म्हणाल्या.

“घेऊन जा,” सासूबाई म्हणाल्या. “घरी मांजर आहे?”

“दोन आहेत.”

“मग दोन्ही न्या.”

थोड्या वेळाने खालच्या मैदानावर दुसरी नळी फुगली. मॅडमनी कडेला उभं राहून आधी खाली पाहिलं, मग वर पाहिलं. दोन्ही नळ्या एकच गोष्ट सांगत होत्या. “परवाना पुढे चालू,” त्या म्हणाल्या, ‘आज पाऊस नाही’ म्हणावं तितक्या सहज. मंडळाने एवढा आरडाओरडा केला की खालच्या रस्त्यावर परत एक गाडी थांबली.

“आता उडून दाखवा,” मॅडम म्हणाल्या. “आले आहे तर बघते.”

चष्मेवाल्याने कापड पसरलं, पट्टे बांधले, नळीकडे पाहिलं, आणि वाऱ्याकडे तोंड करून धावला. चौथ्या की पाचव्या पावलाला खाली जमीन नव्हती. त्याच्या मागून हँगग्लायडरवाला निघाला. मग डोक्यात गवत घेऊन पाववाला. मग एकेक करून बाकीचे. टेकडीसमोर रंगीत कापडं सावकाश येरझारा घालू लागली. खाली घरांची छपरं होती, रस्ते होते, आणि कुठेतरी एक चष्म्यांचं दुकान होतं, इतकं लहान की वाचायला भिंग लागलं असतं. चष्मेवाल्याने एक लांब श्वास घेतला. खांद्यावरची वॉकीटॉकी खरखरली.

“जावईबापू.”

तो इतका दचकला की पॅराग्लायडर थोडं डुललं. अध्यक्ष खाली धावले तेव्हा त्यांची वॉकीटॉकी टेकडीवरच राहिली होती.

“आई? बटण दाबून बोला आणि मग सोडा.”

“सोडलं. वर थंडी आहे?”

“आहे जराशी.”

“पायांत काय आहे?”

“बूट, आई.”

“बुटांत?”

बुटांत नुसते पाय होते. वारा होता, आवाज आला नसेल असं समजायला वाव होता.

“आई, हे सगळ्यांना ऐकू जातं,” चष्मेवाला शेवटी म्हणाला.

“बरं झालं. मग सगळ्यांनीच सांगा. डावीकडून सुरू करा.”

आकाशात डावीकडून म्हणजे कुठून, यावर थोडा गोंधळ झाला. मग हँगग्लायडरवाल्याचा आवाज आला, “लोकरीचे, काकू. जाड.” त्याच्या आवाजात अभिमान होता. पाववाला म्हणाला, “एका पायात आहे. दुसरा बुटासकट गवतात राहिला असेल. आत्ताच लक्षात आलं.” कुणी सुती म्हणालं. कुणी आखूड म्हणालं आणि त्याला आखूडवरून बोलणी बसली. एक जण ‘आहेत, आहेत’ म्हणाला, पण दोनदा म्हणाला, त्यामुळे कुणाचाच विश्वास बसला नाही.

मग सासूबाईंच्या शेजारून, त्यांच्याच वॉकीटॉकीवर, एक शांत आवाज आला. “निरीक्षक बोलतेय. नायलॉन.”

“नायलॉन चालेल,” सासूबाई म्हणाल्या. “जावईबापू, तुमचं उत्तर राहिलं.”

चष्मेवाल्याने खाली पाहिलं. मैदानावरची नळी स्पष्ट दिसत होती. वारा कुठून येतोय, कुठे तोंड करून उतरायचं, कशात काही शंका नव्हती. नळीच्या बाजूला अध्यक्ष उभे होते, आणि टेकडीच्या कडेला, वॉकीटॉकी तोंडाशी धरून, एक ठिपका. ठिपक्याने दुसरा हात कमरेवर ठेवला होता, हे एवढ्या उंचीवरूनही कळत होतं.

उतरायला अगदी योग्य वेळ होती. चष्मेवाल्याने उजवी दोरी हळूच ओढली आणि आणखी एक मोठी फेरी मारायला वळला.